आरएचसीएसएची ऑनलाइन तयारी: व्हिडिओ कमी, रीबूट जास्त

कोर्स पूर्ण झाला, सगळे व्हिडिओ पाहून झाले, वहीत पानंच्या पानं कमांड उतरवल्या, आणि तरी परीक्षेत नापास. हे इतक्या जणांच्या बाबतीत होतं की दोष हुशारीत शोधण्यात अर्थ नाही. बहुतेकांच्या तयारीचा क्रमच उलटा असतो.

रेड हॅटच्या आरएचसीएसए या लिनक्स प्रशासनाच्या प्रमाणपत्र परीक्षेत, म्हणजे ईएक्स२०० मध्ये, बहुपर्यायी प्रश्न नसतात. समोर व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने चालणारे आभासी संगणक) येतात, सोबत कामांची यादी येते, आणि केलेलं काम रीबूटनंतर कोणी हात न लावता टिकलं का, हे तपासलं जातं. ३०० पैकी २१० गुणांना पास. कमांड कोणती वापरली, ती कितव्यांदा जमली, याच्याशी तपासणाऱ्याला देणंघेणं नसतं. त्यामुळे तयारीतही एकच प्रश्न सतत विचारायचा: मशीन बंद करून चालू केलं तर हे काम जागेवर असेल का?

खालचे टप्पे त्या हिशोबाने लावले आहेत. लिनक्स फाउंडेशनची एलएफसीएससुद्धा प्रत्यक्ष कामाची परीक्षा आहे, तिलाही ते जवळपास जसेच्या तसे लागू पडतील. एलपीआयसी-१ किंवा कॉम्पटिया लिनक्स+ देणार असाल तर तिथे प्रश्नोत्तरांचा भाग मोठा असतो, म्हणून फक्त टप्पा १ ते ४ घ्या आणि पुढे सराव प्रश्नांकडे वळा.

## टप्पा १: आवृत्ती पक्की करा, मगच कोर्स निवडा

ईएक्स२०० ही परीक्षा आरएचईएलच्या (रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या) ठरावीक आवृत्तीवर होते. आरएचईएल ९ मे २०२२ मध्ये आली आणि आरएचईएल १० मे २०२५ मध्ये. दोन्हींचा अभ्यासक्रम बराचसा सारखा आहे, पण पूर्ण नाही. ९ च्या यादीत पॉडमॅन या साधनाने कंटेनर (वेगळ्या कप्प्यात बंदिस्त प्रोग्रॅम) चालवणं होतं. १० च्या यादीतून ते गेलं आणि फ्लॅटपॅक ही प्रोग्रॅम बसवण्याची पद्धत आली. जुना कोर्स स्वस्तात मिळाला म्हणून घेतला आणि कंटेनरवर आठवडे घालवले, तर ती मेहनत परीक्षेपुरती तरी वाया.

रेड हॅटच्या संकेतस्थळावर परीक्षेच्या पानावर उद्दिष्टांची अधिकृत यादी असते. ती आजच्या आज उतरवून घ्या. कोर्सची अनुक्रमणिका शेजारी ठेवा आणि एकेक ओळ जुळवा. यादीत आहे पण कोर्समध्ये नाही, अशा विषयांवर खूण करा, ते तुम्हाला दुसरीकडून शिकावे लागतील.

सावधान: 'परीक्षेतले खरे प्रश्न' म्हणून विकल्या जाणाऱ्या फाइलींना हात लावू नका. परीक्षेआधी तुम्ही गोपनीयतेचा करार मान्य करता आणि तो मोडल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. शिवाय त्यातली उत्तरं बऱ्याचदा चुकीची असतात, हा वेगळाच विनोद.

## टप्पा २: प्रयोगशाळा आधी, पहिला व्हिडिओ नंतर

इथे लोक सर्वात जास्त घाई करतात. आधी महिनाभर 'थोडं समजून घेऊ' म्हणून व्हिडिओ पाहतात आणि मशीन नंतर उभारू म्हणतात. ते 'नंतर' परीक्षेच्या आदल्या आठवड्यात उगवतं.

लागणारं साहित्य असं:

- दोन व्हर्च्युअल मशीन. प्रत्येकी २ जीबी मेमरी आणि २० जीबी डिस्क पुरते. एक सर्व्हर म्हणून, दुसरं ग्राहक म्हणून. एनएफएस (नेटवर्कवरून फाइली वाटणं), एसएसएच (दुसऱ्या मशीनवर दुरून लॉगिन), वेळेचं सिंक हे एकट्या मशीनवर नीट तपासता येत नाही.
- पहिल्या मशीनला ५ ते १० जीबीच्या दोन जादा रिकाम्या डिस्क. पार्टिशन आणि एलव्हीएमचा (डिस्कची जागा लवचिकपणे वाटणाऱ्या व्यवस्थेचा) सगळा सराव यांच्यावर. मूळ डिस्कवर प्रयोग केला की रोज नवं इन्स्टॉलेशन नशिबी येतं.
- व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर किंवा केव्हीएम यांपैकी जे तुमच्या संगणकावर चालेल ते.

आरएचईएल फुकट मिळवायचं असेल तर रेड हॅट डेव्हलपर कार्यक्रमात वैयक्तिक खातं उघडा, त्यात १६ मशीनपर्यंत परवानगी असते. ते नको असेल तर रॉकी लिनक्स किंवा अल्मालिनक्स या आरएचईएलशी सुसंगत मोफत लिनक्सची तीच आवृत्ती घ्या, सरावात फरक जाणवत नाही.

जुन्या लॅपटॉपवाल्यांनी एक गोष्ट आधी पाहावी. आरएचईएल ९ ला प्रोसेसर किमान एक्स८६-६४-व्ही२ पातळीचा लागतो, आरएचईएल १० ला व्ही३. प्रोसेसर जुना असेल तर १० सुरूच होत नाही आणि लोक तासन्‌तास इन्स्टॉलरला दोष देत बसतात. अशा वेळी अल्मालिनक्स १० ची व्ही२ साठीची वेगळी बिल्ड वापरता येते.

तपासणी: दोन्ही मशीन सुरू होतात, एकमेकांना पिंग करतात, 'एलएसबीएलके' दिल्यावर रिकाम्या डिस्क दिसतात. आता स्नॅपशॉट (मशीनची या क्षणाची जतन केलेली स्थिती) घ्या आणि त्याला 'कोरं' असं नाव द्या. पुढचा प्रत्येक सराव या स्नॅपशॉटवरून सुरू होईल.

## टप्पा ३: उद्दिष्टांची यादी कामांत बदला

'लॉजिकल व्हॉल्यूम तयार करणे आणि काढणे' हे उद्दिष्ट झालं. त्याचा सराव करता येत नाही, कारण ते कधी पूर्ण झालं ते कळत नाही. त्याचं काम असं करा:

'रिकाम्या डिस्कवर डेटाव्हीजी नावाचा व्हॉल्यूम ग्रुप करा, एक्स्टेंटचा आकार १६ एमआयबी. त्यात ५० एक्स्टेंटचं लॉजिकल व्हॉल्यूम करा, एक्सएफएसने फॉरमॅट करा आणि /डेटा इथे कायमचं माउंट करा.'

आता यात कोपरे दिसू लागतात. एक्स्टेंटचा, म्हणजे जागेच्या एकेका तुकड्याचा, आकार ग्रुप बनवतानाच द्यायचा असतो, विसरलात तर ४ एमआयबी हा ठरलेला आकार लागतो. एक्स्टेंटच्या संख्येसाठी धाकटा एल (-l), मेगाबाइटसाठी थोरला एल (-L). आणि ५० गुणिले १६ म्हणजे ८०० एमआयबी, म्हणून नेमकं ८०० चं पार्टिशन केलंत तर ४९ च एक्स्टेंट बसतात, कारण थोडी जागा एलव्हीएमच्या स्वतःच्या नोंदींना जाते. हे कुठल्याही व्हिडिओत पाहून लक्षात राहत नाही, एकदा अडल्यावर राहतं.

प्रत्येक उद्दिष्टाची अशी दोन-तीन कामं स्वतः लिहा. लिहिण्यातच निम्मा अभ्यास होतो.

## टप्पा ४: व्हिडिओ असा पाहा

एक विषय, एक बैठक. व्हिडिओ एकदा सलग पाहा, हात कीबोर्डवर न ठेवता. मग तो बंद करा आणि टप्पा ३ मधलं काम करायला बसा. अडलात तर व्हिडिओकडे जाऊ नका, मॅन पेज (मशीनवरच असलेलं कमांडचं माहितीपान) उघडा. तिथेही नाही जमलं, तरच व्हिडिओ, तोही फक्त अडलेल्या ठिकाणापुरता.

शिक्षकासोबत एकेक कमांड टाइप करत जाणं फार समाधान देतं, आणि म्हणूनच ते फसवं आहे. त्यात निर्णय शिक्षकाचे असतात, तुमची फक्त बोटं.

परीक्षेत इंटरनेट नसतं. असतात ती मशीनवरची मॅन पेज आणि /यूएसआर/शेअर/डॉक मधली कागदपत्रं. त्यामुळे सरावातही शोधयंत्र बंद. काही मॅन पेजमध्ये अक्षरशः तयार उदाहरणं असतात: 'एनएमसीएलआय-एक्झाम्पल्स', 'सीमॅनेज-एफकॉन्टेक्स्ट', 'क्रॉनटॅब'चं पाचव्या विभागातलं पान. पान उघडून थेट शेवटाकडे, 'एक्झाम्पल्स' भागाकडे उडी मारायची सवय लावा. 'मॅन -के' ने शोधताना काहीच सापडत नसेल तर आधी 'मॅनडीबी' चालवा, सूची तयार होते. आणि टॅब की दोनदा दाबली की पर्याय दिसतात, हे साधं हत्यार ताणाखाली लोक विसरतात.

## टप्पा ५: विषयांचा क्रम

कोर्सचा क्रम बहुतेकदा शिकवायला सोयीचा असतो. सरावासाठी मी असा लावतो.

सर्वात आधी फाइलींवरची रोजची कामं: फाइंड, ग्रेप, टार, परवानग्या, रीडायरेक्शन, व्हिम. यात वेग नसेल तर पुढचं सगळं मंद होतं.

मग वापरकर्ते आणि ग्रुप. सोपा भाग, गुण पटकन मिळतात, पण दोन सापळे आहेत. 'यूजरमॉड' ला थोरल्या जी सोबत धाकटा ए दिला नाही तर वापरकर्ता आधीच्या जादा ग्रुपमधून बाहेर पडतो. आणि 'लॉगिन डॉट डेफ्स' मधली पासवर्डची मुदत फक्त पुढे तयार होणाऱ्या खात्यांना लागते, जुन्यांसाठी 'चेज' वापरावं लागतं.

त्यानंतर नेटवर्क, रेपो (सॉफ्टवेअरची पॅकेज जिथून येतात ते साठे) आणि सेवा. मग स्टोरेज. मग एसई-लिनक्स (फाइली आणि पोर्टवरची लेबलं पाहून परवानगी ठरवणारी सुरक्षा व्यवस्था) आणि फायरवॉल एकत्र, कारण सेवा चालत नसेल तर दोघांपैकी कोण अडवतंय हे ओळखणं हेच खरं कौशल्य. शेल स्क्रिप्ट, क्रॉन, टायमर, ऑटोएफएस, ट्यून्ड हे मध्ये मध्ये पेरा.

रूटचा (मुख्य प्रशासक खात्याचा) विसरलेला पासवर्ड बदलणं मात्र रोज एकदा करा, इतर काही झालं नाही तरी. ग्रबमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मेनूत) कर्नलच्या ओळीला 'आरडी डॉट ब्रेक' जोडण्याची रीत आणि 'इनिट=/बिन/बॅश' ची रीत, दोन्ही हातात बसू द्या. एक अडली तर दुसरी चालते. दोन्हींत शेवटी रूट डिरेक्टरीत 'डॉट ऑटोरीलेबल' नावाची रिकामी फाइल करायला विसरू नका, नाहीतर एसई-लिनक्सची लेबलं चुकतात, पासवर्ड बदलूनही लॉगिन होत नाही आणि मशीन बिघडलं असं वाटतं.

## टप्पा ६: रीबूट करून पाहा

घोडं पेंड खातं ते इथे. लिनक्सवर जवळपास प्रत्येक गोष्ट दोन पातळ्यांवर असते: आत्ता चालू असलेली आणि डिस्कवर लिहिलेली. पहिली बदलली की काम झाल्यासारखं दिसतं. रीबूट झालं की ये रे माझ्या मागल्या.

कुठे कुठे हे होतं, ते पाहू.

सेवा. 'स्टार्ट' केली, चालते. 'एनेबल' केली नाही, म्हणून रीबूटनंतर बंद. 'एनेबल' सोबत 'नाऊ' हा पर्याय दिला की दोन्ही एकदम होतं, तीच सवय लावा.

फायरवॉल. 'परमनंट' पर्यायाशिवाय दिलेला नियम फक्त चालू स्थितीत असतो. 'परमनंट' दिला तर नियम डिस्कवर जातो पण लगेच लागू होत नाही, त्यासाठी 'रीलोड' हवा. लोक यातलं एक करतात आणि दुसरं गृहीत धरतात.

एसई-लिनक्स. 'चकॉन' ने लावलेलं लेबल साध्या रीबूटला टिकतं, पण रीलेबल झालं की उडतं. टिकाऊ रीत म्हणजे 'सीमॅनेज एफकॉन्टेक्स्ट' ने नियम लिहायचा आणि मग 'रिस्टोरकॉन' चालवायचं. बुलियन बदलताना 'सेटसीबूल' ला थोरला पी हवाच. वेब सर्व्हर ८२ सारख्या वेगळ्या पोर्टवर चालवायचा असेल तर त्या पोर्टला 'सीमॅनेज पोर्ट' ने एचटीटीपीचं लेबल द्यावं लागतं, आणि फायरवॉलमध्ये ते वेगळं उघडावं लागतं. वैतागून एसई-लिनक्सच बंद करण्याचा मोह होतो. तो आवरा, मशीन एनफोर्सिंगमध्ये (एसई-लिनक्सचे नियम सक्तीने लागू) राहणं हे बहुतेक वेळा कामाचाच भाग असतं.

नेटवर्क. 'आयपी' कमांडने दिलेला पत्ता तात्पुरता. 'एनएमसीएलआय' ने कनेक्शन बदला, पद्धत 'मॅन्युअल' करा, कनेक्शन पुन्हा वर आणा. नुसता पत्ता देऊन पद्धत बदलायची राहिली तर डीएचसीपी आपलं काम करतच राहतं आणि एकाच कार्डावर दोन पत्ते दिसतात.

माउंट आणि स्वॅप. 'एफएसटॅब' मधली (सुरू होताना काय काय माउंट करायचं त्या यादीच्या फाइलमधली) एक चुकीची ओळ अख्खं मशीन इमर्जन्सी मोडमध्ये पाडू शकते. असं मशीन सुरूच झालं नाही तर त्यावरची बाकी सगळी बरोबर कामंही कोण तपासणार? म्हणून ठरलेला क्रम:

१. 'बीएलकेआयडी' वरून यूयूआयडी घ्या. डिस्कची नावं बदलू शकतात, यूयूआयडी नाही.
२. ओळ लिहा, मग 'फाइंडएमएनटी' ला 'व्हेरिफाय' पर्याय देऊन फाइल तपासा.
३. 'सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड'.
४. 'माउंट -ए' आणि 'स्वॅपऑन -ए'. एकही त्रुटी दिसता कामा नये.
५. आता रीबूट.

हा क्रम झोपेतही चुकू नये. आणि मुद्दाम उलटाही सराव करा: एफएसटॅबमध्ये चुकीचा यूयूआयडी टाका, रीबूट करा, इमर्जन्सी मोडमध्ये रूटचा पासवर्ड द्या, मूळ फाइलसिस्टम लिहिण्यायोग्य माउंट करा आणि ओळ दुरुस्त करा. हे आधी दोन-चार वेळा केलेलं असलं की परीक्षेत तशी वेळ आली तर छाती धडधडत नाही.

कंटेनर, तुमच्या आवृत्तीत असतील तर. साध्या वापरकर्त्याचा कंटेनर त्याने लॉगिन न करता सुरू व्हायला हवा असेल तर 'लॉगिनसीटीएल' ने त्याच्यासाठी 'लिंगर' चालू करावं लागतं. आणि त्या वापरकर्त्यात 'एसयू' ने शिरू नका, एसएसएचने लॉगिन करा. नाहीतर 'सिस्टमसीटीएल' चा 'यूजर' पर्याय नीट चालत नाही आणि कारण सापडता सापडत नाही.

तपासणी, प्रत्येक रीबूटनंतर: 'सिस्टमसीटीएल' ला 'फेल्ड' पर्याय, 'फाइंडएमएनटी', 'स्वॅपऑन' ला 'शो', 'गेटएनफोर्स', फायरवॉलची पूर्ण यादी, होस्टनेम, आणि दुसऱ्या मशीनवरून सेवेला प्रत्यक्ष जोडून पाहणं. सेवा चालते असं त्याच मशीनवर पाहिलं तर फायरवॉलची चूक दिसतच नाही.

## टप्पा ७: घड्याळ लावून नकली परीक्षा

हा टप्पा टप्पा ६ अंगवळणी पडल्यानंतरच. आधी केला तर फक्त घाबरायचा सराव होतो.

स्वतः लिहिलेल्या कामांतून १५ ते २० निवडा, दोन मशीनवर विभागा, 'कोरं' स्नॅपशॉट लावा, एका मशीनचा रूट पासवर्ड स्वतःला माहीत नाही असं धरा. तीन तासांचं घड्याळ. इंटरनेट बंद, वही बंद.

संपल्यावर दोन्ही मशीन रीबूट करा आणि मगच तपासा. अर्धवट झालेल्या कामाला अर्धे गुण देऊ नका. डोळ्यांनी तपासताना आपण स्वतःशी फार उदार असतो, म्हणून तपासणीची एक छोटी बॅश स्क्रिप्ट लिहा: वापरकर्त्याचा आयडी बरोबर आहे का, माउंट आहे का, पोर्ट उघडं आहे का. शेल स्क्रिप्ट हे परीक्षेचंही उद्दिष्ट आहे, तेव्हा तो वेळ दुप्पट वसूल होतो.

परीक्षेची तारीख कधी घ्यायची? सलग तीन नकली परीक्षांत तुम्ही ८० टक्क्यांच्या वर असाल आणि अर्धा तास शिल्लक राहत असेल तेव्हा. पासची रेषा ७० टक्के आहे, पण ओळखीच्या मशीनवरचे ८० अनोळखी मशीनवर खाली येतातच.

## टप्पा ८: परीक्षेआधीची जुळवाजुळव

घरून परीक्षा देणार असाल तर परीक्षकांच्या अटी नोंदणी करतानाच वाचा, आदल्या रात्री नाही. रेड हॅटच्या दूरस्थ परीक्षेसाठी त्यांच्या लाइव्ह यूएसबीवरून संगणक सुरू करावा लागतो आणि सुसंगततेची चाचणी आधी करून पाहता येते. वायफाय कार्ड, कॅमेरा किंवा बायोसची सेटिंग इथे अडतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर यूएसबीवरून बूट करणं अनेकदा बंद केलेलं असतं, तेव्हा त्याच्यावर विसंबू नका. यातलं काही जमत नसेल तर सरळ परीक्षा केंद्र निवडा. संगणकाशी भांडून मग परीक्षा देण्यात काही शौर्य नाही.

ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव अक्षर न अक्षर जुळतं का, तेही पाहून ठेवा.

## टप्पा ९: त्या तीन तासांत

पहिली काही मिनिटं फक्त वाचा. सगळी कामं, सगळ्या सूचना. कोणतं काम कोणत्या मशीनवर आहे ते टिपा. चुकीच्या मशीनवर अचूक काम करून शून्य मिळवणारे कमी नाहीत, म्हणून प्रत्येक कामाआधी प्रॉम्प्टमधलं होस्टनेम बघा.

मग पाया: पासवर्ड बदलायचा असेल तर तो, नेटवर्क, होस्टनेम, सॉफ्टवेअरचे रेपो. रेपो नसेल तर पॅकेज येत नाही आणि निम्मी कामं तिथेच अडतात. रेपोची फाइल लिहिल्यावर एखादं पॅकेज प्रत्यक्ष उतरवून खात्री करा.

पुढे सोपी कामं आधी. दहा मिनिटांत एखादं सुटलं नाही तर खूण करून पुढे जा. स्टोरेज मध्यावर घ्या आणि तो झाला की लगेच रीबूट करा, कारण तेव्हा दुरुस्तीला वेळ हातात असतो. शेवटचा रीबूट निदान वीस मिनिटं राखून करा. रीलेबल होणार असेल तर मशीन वर यायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि त्या वेळात अधीर होऊन मशीन जबरदस्तीने बंद करणं हा सगळ्यात महागडा वेडेपणा.

नावं, मार्ग, आकडे जिथे शक्य तिथे प्रश्नातून कॉपी करा. वापरकर्त्याच्या नावातलं एक अक्षर चुकलं तर तपासणाऱ्या स्क्रिप्टला तो वापरकर्ता अस्तित्वातच नसतो.

## निकाल वाचताना

निकाल ईमेलने येतो. त्यात प्रत्येक प्रश्नाचे गुण नसतात, उद्दिष्टांच्या गटांनुसार टक्के असतात. पास झालात तर प्रमाणपत्र तीन वर्षं चालू राहतं.

नाही झालात तर टक्के नीट बघा. सगळीकडे पन्नास-साठ असतील तर वेग कमी पडला, टप्पा ७ वाढवा. एक-दोन गट पडले आणि बाकी उत्तम असतील तर तेवढेच विषय घ्या, पूर्ण कोर्स पुन्हा पाहत बसू नका. आणि ज्या गटात तुम्हाला शंभर टक्के खात्री होती तिथेच शून्याच्या आसपास दिसत असेल, तर विषय बहुधा येत होता. काम रीबूटनंतर टिकलं नाही किंवा दुसऱ्याच मशीनवर झालं. तेव्हा नवा कोर्स विकत घेण्याआधी 'कोरं' स्नॅपशॉट लावा, त्या गटातली कामं करा, रीबूट करा आणि नेमकं काय गायब होतं ते पाहा.